भर घातलेल्या खेळांसाठीं संगणकाची निवड

हल्लीं वरच्या वर्गांतील मुलांच्या बोलण्यांत ‘मॉड’ हा शब्द वारंवार कानीं पडतो. सुटी जवळ आली म्हणजे त्याच्या जोडीला ‘गेमिंग पीसी’ हा दुसरा शब्द येतो, आणि मग ती गोष्ट मुलांपुरती न राहतां वडील मंडळींच्या खिशापर्यंत येऊन पोंचते. अशा यंत्रास लागणारी रक्कम पुष्कळदां लाखाच्या घरांत जाते. शुभवर्तमानांतील मनोरा बांधूं पाहणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच; पाया घालण्यापूर्वीं बसून हिशेब करण्याचें काम येथेंहि टळत नाहीं. हें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें हा प्रश्न ज्या त्या घराचा. घ्यावयाचेंच ठरलें तर पैसा कोठें घालावा व कोठें घालूं नये, एवढ्याचाच विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम मॉड म्हणजे काय तें पाहूं. आपल्या समोरचा कर्नाळ्याचा किल्ला घ्या. मधला अंगठ्यासारखा सुळका निसर्गानें दिला. पण हा किल्ला कित्येक सत्तांच्या हातांतून गेला. १६७० सालीं तो शिवाजीमहाराजांनीं घेतला, १८१८ सालीं इंग्रजांकडे गेला. आणि वर चढून गेलें म्हणजे तटबंदी, दरवाजे, पाण्याचीं टांकीं, मराठी व फारसी शिलालेख अशी माणसांनीं वेळोवेळीं घातलेली भर दिसते. खेळाचेंहि तसेंच आहे. मूळ खेळ कंपनीनें रचलेला असतो. त्यांत खेळणारे लोकच नवे प्राणी, नवीं गांवें, नवे नियम, अधिक बारकाईचीं चित्रें तयार करून घालतात. ही भर म्हणजेच मॉड. ती कधीं कधीं मूळ वास्तूपेक्षां मोठी होते. ‘काउंटर-स्ट्राइक’ हा जगप्रसिद्ध खेळ १९९९ सालीं ‘हाफ-लाइफ’ या खेळावरील एक मॉड म्हणूनच जन्मास आला, आणि २००० सालीं त्याच कंपनीनें तो स्वतंत्रपणें विक्रीस काढला.

आतां अडचण अशी कीं, खेळाबरोबर ‘इतका संगणक पुरे’ अशी जी सूचना दिलेली असते ती मूळ खेळापुरती असते. २०११ सालचा ‘स्कायरिम’ हा खेळ आजच्या साध्या यंत्रावरहि सुखानें चालतो. परंतु त्याच खेळांत चारपांचशें मॉड घातले म्हणजे तोच खेळ नव्या खेळांसहि मागें टाकील इतका जड होतो. तेव्हां ‘स्कायरिमसाठीं संगणक द्या’ असें दुकानांत जाऊन सांगण्यांत कांहीं अर्थ नाहीं. कोणत्या जातीचे मॉड घालावयाचे आहेत तें आधीं कागदावर लिहून काढावें, कारण यंत्राचा कोणता भाग प्रथम थकणार तें त्यावरून ठरतें.

ज्यांस चित्रें सुधारावयाचीं आहेत त्यांचा भार ग्राफिक्स कार्डावर, आणि विशेषेंकरून त्या कार्डाच्या स्वतःच्या स्मृतीवर पडतो. हिचें गणित आठवीच्या मुलासहि करतां येईल. एका चौरस चित्राच्या बाजूस २०४८ ठिपके असले तर एकंदर ठिपके सुमारें ४२ लक्ष होतात. बाजू दुप्पट करून ४०९६ केली तर ते दुप्पट न होतां चौपट, म्हणजे सुमारें १ कोटि ६८ लक्ष होतात. आंवळून ठेवलेल्या रूपांत दर ठिपक्यास एक बाइट धरला तर पहिल्या चित्रास ४ मेगाबाइट लागतात व दुसऱ्यास १६. कार्डाची स्मृति ८ गिगाबाइट असेल तर लहान चित्रें २०४८ मावतील, मोठीं अवघीं ५१२. आणि तींहि दुसरें कांहींच आंत ठेवावयाचें नसेल तर. एका पात्राच्या कातडीस, वस्त्रांस, केंसांस निरनिराळीं चित्रें लागतात, तेव्हां पांचशें हा आंकडा एखाद्या बाजारपेठेच्या देखाव्यांतच संपून जातो. तो संपला म्हणजे कार्ड आपलें सामान मुख्य स्मृतींत ठेवूं लागतें. ती वाट फार संथ असल्यामुळें खेळ दर चारदोन पावलांस अडखळतो. कार्डाचा वेग कितीहि असला तरी त्यावर उपाय नाहीं.

येथेंच ग्राहक फसतो. एकाच नांवाचें कार्ड दोन मापांच्या स्मृतींत मिळतें. एनव्हिडिया कंपनीचें ‘आरटीएक्स ४०६० टीआय’ ८ व १६ गिगाबाइट अशा दोन रूपांत निघालें. २०२५ सालीं आलेल्या ‘५०६० टीआय’चें तसेंच, आणि एएमडी कंपनीच्या ‘आरएक्स ९०६० एक्सटी’चेंहि तसेंच. जाहिरातींत नांव मोठ्या अक्षरांत असतें; माप असलेंच तर खालीं बारीक अक्षरांत. चित्रांचे मॉड भरपूर घालावयाचे असतील तर १२ गिगाबाइटांच्या खालीं उतरूं नये, आणि १६ परवडत असेल तर तेंच घ्यावें.

‘माइनक्राफ्ट’ची प्रकृति अगदीं निराळी. तेथें चित्रें ठोकळेवजा; पण मूळ जावा-आवृत्तींत शेंकडों मॉड घातले म्हणजे यंत्रें, पट्टे, प्राणी, पिकें या सर्वांचा हिशेब संगणकास सतत करावा लागतो. त्या जगाची नाडी सेकंदास वीस ठोके पडते. म्हणजे एका ठोक्यास ५० मिलिसेकंद. मॉडांचें काम ७० मिलिसेकंदांत होऊं लागलें कीं ठोके चौदांवर येतात आणि सारें जग पाण्याखालीं चालल्यासारखें मंद होतें. हा हिशेब मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालतो. आठ गडी उभे असले तरी रहाट एकानेंच फिरवावयाचा असेल तर बाकीचे सात बघत राहतात. म्हणून गाभे किती यापेक्षां एकेक गाभा किती चपळ तें पाहावें. एएमडीनें २०२२ पासून ‘एक्सथ्रीडी’ या खुणेचे प्रोसेसर काढले आहेत. त्यांतील पहिल्याच्या पोटांत नेहमींच्या ३२ मेगाबाइटांऐवजीं ९६ मेगाबाइटांचा जवळचा सांठा होता, आणि अशा हिशेबी खेळांस त्याचा चांगलाच उपयोग होतो. असला प्रोसेसर महाग पडतो, आणि ज्यास केवळ चित्रांची हौस आहे त्यास त्याची गरज नाहीं.

मुख्य स्मृति, म्हणजे रॅम, दोघांसहि लागते. माइनक्राफ्टच्या मोठ्या मॉडसंचास ६ ते १० गिगाबाइट नेमून द्यावे लागतात. त्याहून फार अधिक दिले तर जावा आपला केरकचरा झाडावयास बसते तेव्हां खेळ मधूनच थांबतो, हेंहि ध्यानांत ठेवावें. ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या २०१५ सालच्या नगररचनेच्या खेळांत हजारों इमारती बाहेरून आणून घातल्या तर १६ गिगाबाइट सहज भरतात. यास्तव ३२ गिगाबाइट हें योग्य माप समजावें, आणि तें १६–१६ च्या दोन पट्ट्यांत घ्यावें. एकच पट्टी लावली तर स्मृतीकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकीं एक बंद राहते. चारी खाचा भरण्याचा बेत मागाहूनसाठीं ठेवूं नये, कारण हल्लींच्या डीडीआर ५ जातीच्या चार पट्ट्या एकत्र लावल्या म्हणजे त्यांचा वेग बहुधा उतरवावा लागतो. २०२५ च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढल्यामुळें रॅमच्या किंमती फार चढल्या. त्यामुळें दुकानदार प्रथम येथेंच काटछांट सुचवितात. ती मान्य करण्यापूर्वीं दिव्यांची व कांचेची काटछांट सुचवून पाहावी.

सांठवणीविषयीं थोडक्यांत. स्कायरिमच्या कांहीं मोठ्या संचांस दोनतीनशें गिगाबाइट लागतात, आणि उतरवून घेतलेल्या मूळ गठड्या वेगळ्या राहतात. ५१२ गिगाबाइटांची एसएसडी घेणें म्हणजे लग्नाच्या घरीं एकच खोली ठेवण्यासारखें आहे. एक टेराबाइट कमींत कमी. दोन असल्यास उत्तम.

यंत्र मिळविण्याच्या वाटा तीन. मोठ्या कंपनीचें बंद यंत्र घेतां येतें. पण त्यांतील कित्येकांत मदरबोर्ड व वीज पुरविणारा एसएमपीएस कंपनीच्याच खास आकाराचा असतो, आणि पुढें एक भाग बदलावयाचा झाल्यास सगळेंच अडतें. भाग विकत आणून स्वतः जुळविणें हें स्वस्त व शिक्षणाच्या दृष्टीनें चांगलें, परंतु बिघाड कोणत्या भागाचा हें शोधण्याची जबाबदारी मग आपल्यावर येते. तिसरी वाट म्हणजे आपण सांगितलेले भाग दुकानदाराकडून जुळवून घेणें. ज्या घरांत यापूर्वीं कोणीं हें काम केलेलें नाहीं त्यांनीं हीच वाट धरावी असें माझें मत आहे. मुंबईंत ग्रँटरोड स्टेशनाजवळचा लॅमिंग्टन रोड, ज्याचें आतांचें नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या मालाचा जुना बाजार. पनवेलहून लोकलनें कुर्ला व दादर असें गाडी बदलीत तेथें जातां येतें. जातांना मुलास बरोबर घ्यावें. पण मॉडांची यादीहि बरोबर घ्यावी.

तेथें दोन चिठ्ठ्या समान किंमतीच्या मिळाल्या अशी कल्पना करा. एकींत सर्वांत वरच्या पायरीचा प्रोसेसर, पाण्यानें थंड ठेवण्याची योजना, तिन्ही बाजूंस कांच, सप्तरंगी पंखे. आणि ८ गिगाबाइटांचें कार्ड, १६ गिगाबाइटांची एकच रॅमपट्टी. दुसरींत साधें जाळीदार कॅबिनेट, मधल्या पायरीचा प्रोसेसर, हवेनें थंड ठेवणारा पंखा. परंतु १६ गिगाबाइटांचें कार्ड, ३२ गिगाबाइट रॅम, दोन टेराबाइट एसएसडी. दुकानाच्या कपाटांत पहिलें यंत्र मुलाचें मन ओढून घेईल यांत शंका नाहीं. चित्रांच्या मॉडांनीं भरलेल्या खेळांत मात्र तें महिन्याभरांत अडखळूं लागेल, आणि बापास पुन्हां खिशांत हात घालावा लागेल.

चिठ्ठींत प्रत्येक भागाचा कर्ता व पूर्ण नांव असलें पाहिजे. ‘१६ जीबी रॅम, ६५० वॅट एसएमपीएस’ एवढ्यावर समाधान मानूं नये. मूल्य उतरविण्याची जागा बहुधा हा एसएमपीएसच असतो, आणि तो हलका निघाला तर मरतांना शेजाऱ्यांसहि घेऊन जातो. नांवाजलेला, ‘८० प्लस’ खुणेचा, ६५० ते ७५० वॅटांचा घ्यावा. जीएसटीचें पक्कें बिल, त्यावर भागांचे अनुक्रमांक, आणि बिघाड झाल्यास यंत्र कोणाकडे न्यावयाचें याचें उत्तर लेखी घ्यावें. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला, तेव्हां विंडोज ११ घ्यावी. ‘ती आम्ही फुकट घालून देतों’ असें कोणी म्हटलें तर ती चोरीची प्रत नाहीं ना तें विचारावें. मुलाच्या हातीं पहिलेंच यंत्र चोरीच्या मालासह द्यावें हें कोणत्याहि पालकास आवडणार नाहीं.

आपल्या बाजूच्या हवेचा विचार दुकानदार क्वचित् करतो. वैशाखांतील उष्मा व दमटपणा यांत कांचेनें बंद केलेलें कॅबिनेट म्हणजे भट्टी. तापमान मर्यादेबाहेर गेलें कीं प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे पैसे दिलेला वेग मिळतच नाहीं. म्हणून समोर जाळी, जाळीमागें पंखे, आणि धुण्याजोगी धूळगाळणी असावी. पावसाळ्यांत यंत्र खिडकीपाशीं ठेवूं नये, व आठवडेच्या आठवडे बंदहि ठेवूं नये. विजा कडाडूं लागल्या कीं प्लग काढावा. यूपीएस घेतांना ६०० व्हीएचा स्वस्त डबा घेऊं नये. तो सुमारें ३६० वॅटच पेलतो, आणि ऐन खेळांत पडद्यासह ४००–४५० वॅट ओढणारें यंत्र वीज जातांक्षणीं बंद पडतें. एक हजार व्हीए किंवा अधिक, आणि शक्य तर शुद्ध साइन तरंगाचा असावा.

मॉड हा स्वतः एक कार्यक्रम असतो, चित्राचा कागद नव्हे, हें विद्यार्थ्यांनीं ओळखावें. जून २०२३ मध्यें माइनक्राफ्टच्या नांवाजलेल्या मॉडभांडारांतूनच ‘फ्रॅक्चरायझर’ नांवाचें घातकी सॉफ्टवेअर पसरलें व तें पासवर्ड चोरीत होतें. वडिलांचा बँकेचा व्यवहार ज्या संगणकावर चालतो त्यावर मॉड घालूं नयेत. निदान दोघांचीं खातीं तरी वेगळीं असावींत.

यंत्र घरीं आलें म्हणजे घाई न करतां बाजूचें झांकण उघडून पाहावें. प्रवासांत भाग हालूं नयेत म्हणून आंत फोम भरलेला असतो; तो न काढतां वीज सुरू केली तर पंखे अडतात. खोकें हमीची मुदत संपेपर्यंत माळ्यावर ठेवावें. पहिल्या आठवड्यांतच आपला सर्वांत जड मॉडसंच घालून तास-दोन तास चालवावा व तापमान लिहून ठेवावें, म्हणजे तक्रार करावयाची झाल्यास वेळेवर करतां येते. पडद्याची तार मात्र ग्राफिक्स कार्डाच्या खाचेंत लावावी. वर मदरबोर्डालाहि तशीच एक खांच असते. तिच्यांत लावली तर पडदा कोराच राहतो, किंवा चित्र दिसलेंच तर तें काढण्याचें काम प्रोसेसरवर पडतें आणि एवढें महागाचें कार्ड स्वस्थ बसून राहतें.