आधी ठरवलं, मग पोहायला शिकला!

दोस्तांनो, तुमच्यापैकी कितीजणांना पोहता येतं? हात वर करा पाहू! छान. ज्यांचे हात खाली राहिले, त्यांनी मुळीच हिरमुसून जाऊ नका. आजची गोष्ट खास तुमच्यासाठी आहे. पाच-पाच समुद्री आव्हानं पार करणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट सुरू होते, तेव्हा त्यालाही नीटसं पोहता येत नव्हतं!

त्याचं नाव मिहीर सेन. जन्म १९३० सालचा, बंगालमधल्या पुरुलियाचा. घरची स्थिती बेताचीच. मुलाला चांगली शाळा मिळावी म्हणून कुटुंब ओरिसातल्या कटकला गेलं. तिथे आईने दूध आणि अंडी विकून घर चालवलं. मिहीर शिकला, वकिलीची पदवी घेतली आणि १९५० साली बॅरिस्टर व्हायला बोटीने इंग्लंडला निघाला. खिशात किती पैसे होते, माहीत आहे? अवघे दहा पौंड! परतीचं तिकीटही नव्हतं. लंडनमध्ये पोटासाठी त्याने रेल्वे स्टेशनवर रात्रीची हमाली केली. रात्री ओझी उचलायची आणि दिवसा कायद्याची जाडजूड पुस्तकं वाचायची!

त्याच सुमारास त्याच्या वाचनात एक बातमी आली. फ्लॉरेन्स चॅडविक नावाच्या अमेरिकन मुलीने इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. झालं! मिहीरच्या मनाने घेतलं, आपणही ही खाडी पोहायची. भारत नुकताच स्वतंत्र झाला होता. आपल्या देशातली तरुण मुलं काय करू शकतात, हे जगाला दाखवायची त्याला फार इच्छा होती.

आता गंमत बघा. ठरवलं खरं, पण लांब पल्ल्याचं पोहणं येतंय कुणाला? मग हा पठ्ठ्या लंडनच्या वाय. एम. सी. ए.च्या तलावावर गेला आणि पहिल्या धड्यापासून शिकू लागला. आजूबाजूला लहान लहान मुलं सपासप पोहत असतील आणि हा विशीतला वकील पाय मारायला शिकतोय! पण त्याला लाज वाटली नाही. जे येत नाही ते शिकायचं, यात लाज कसली?

बरं, ही इंग्लिश खाडी आहे तरी काय? इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधला समुद्राचा पट्टा. सर्वांत अरुंद ठिकाणी तो सुमारे ३४ किलोमीटर रुंद आहे. म्हणाल, एवढंच ना? थांबा! तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह दर सहा तासांनी दिशा बदलतो आणि पोहणाऱ्याला एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला ढकलत नेतो. त्यामुळे सरळ रेषेत पोहता येतच नाही. वाट वेडीवाकडी होते आणि अंतर वाढत जातं. पुष्कळदा समोर किनारा दिसत असतो, पण प्रवाह फिरला की तासन् तास हात मारूनही तो जवळ येत नाही. आहे की नाही जिवावर येणारी गोष्ट?

त्यात थंडी! आपल्या शरीराचं तापमान ३७ अंश सेल्सिअस आणि पाण्याचं ऐन उन्हाळ्यातही जेमतेम १५ ते १८ अंश. पाणी शरीरातली उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. बोटं आखडतात, दात वाजतात, डोकं चालेनासं होतं. म्हणून सोबतच्या बोटीवरची माणसं पोहणाऱ्याशी सारखी बोलत राहतात. उत्तरं असंबद्ध येऊ लागली, तर त्याला पाण्याबाहेर काढतात.

आणि नियम तर फारच कडक! अंगावर साधा पोहण्याचा पोशाख घालायचा. बोटीला किंवा माणसाला एकदाही हात लावायचा नाही. लावला की संपलं, तुम्ही बाद! खाणंपिणंसुद्धा बोटीवरून काठीने किंवा दोरीने पुढे करतात. ते पाण्यातच तरंगत घ्यायचं.

मिहीरचे पहिले प्रयत्न फसले. एवढी तयारी करायची, बर्फासारख्या पाण्यात उतरायचं आणि अर्ध्यातून परत यायचं. त्या वेळी त्याला काय वाटलं असेल? तुम्हाला कधी गणितात नापास झाल्यावर वाटलंय ना, अगदी तसंच. एव्हाना तो बॅरिस्टर झाला होता. 'झालं एवढं पुरे' म्हणून घरी परतला असता, तरी कुणी नावं ठेवली नसती. पण तो पुन्हा पाण्यात उतरला.

२७ सप्टेंबर १९५८ रोजी इंग्लिश खाडी पोहून पार करणारा तो पहिला भारतीय ठरला. वेळ लागला १४ तास ४५ मिनिटं. वही-पेन्सिल घ्या आणि हिशेब करा. मिनिटाला ५० हात मारायचे म्हटलं, तर एवढ्या वेळात ४४ हजारांहून जास्त हात होतात! पण ४४ हजार हात एकदम कुणीच मारू शकत नाही. एका वेळी मारायचा एकच हात, आणि त्याच्यानंतर पुढचा.

गोष्ट इथे संपली असं वाटलं ना? छे! मिहीर कलकत्त्याला परतला, वकिली करू लागला आणि मनात नवं ध्येय घोळवू लागला. एकाच वर्षात जगातल्या निरनिराळ्या भागांतली पाच आव्हानं पार करायची! त्यासाठी १९६६ हे साल ठरलं. तेव्हा तो पस्तीस वर्षांचा होता.

पहिली पाल्कची सामुद्रधुनी. ती श्रीलंका आणि भारत यांच्यामध्ये आहे. इथे थंडी नाही, पण शार्क मासे आणि विषारी समुद्रसर्प आहेत. सोबतीला भारतीय नौदलाची जहाजं होती. तलाईमन्नारहून ५ एप्रिलला निघालेला मिहीर सबंध रात्र पोहत राहिला आणि २५ तास ३६ मिनिटांनी धनुष्कोडीला पोहोचला. धनुष्कोडी म्हणजे ते गाव, जे डिसेंबर १९६४च्या चक्रीवादळात उद्ध्वस्त झालं होतं. ज्या समुद्राने ते गाव गिळलं, त्याच समुद्रातून एक माणूस चालत किनाऱ्यावर आला!

मग २४ ऑगस्टला युरोप आणि आफ्रिका यांच्यामधली जिब्राल्टरची सामुद्रधुनी, ८ तास १ मिनिट. १२ सप्टेंबरला तुर्कस्तानातली दार्दानेल्स, १३ तास ५५ मिनिटं. लगेच २१ सप्टेंबरला बॉस्फरस, ४ तास. नकाशा उघडा आणि ही ठिकाणं शोधून काढाच. भूगोलाचा धडा असा पक्का होतो, की विसरणार नाही!

शेवटचं आव्हान पनामा कालव्याचं. अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांना जोडणारा हा कालवा सुमारे ८० किलोमीटर लांब आहे. मिहीरने तो लांबीच्या दिशेने पोहून पार केला. २९ ते ३१ ऑक्टोबर, ३४ तास १५ मिनिटं! या कालव्याची एक गंमत सांगतो. इथून जाणाऱ्या जहाजांना कर भरावा लागतो. १९२८ साली रिचर्ड हॅलिबर्टन नावाचा अमेरिकन प्रवासी टप्प्याटप्प्याने हा कालवा पोहला, तर त्यालाही 'जहाज' समजून कर लावला. किती? ३६ सेंट!

तुमच्यातला एखादा चौकस दोस्त नक्की विचारील, "पण या सगळ्याचा उपयोग काय? बोटीने गेलं असतं तर लवकर पोहोचलं नसतं का?" प्रश्न अगदी बरोबर आहे. खाडी पोहल्याने कुणाचं पोट भरत नाही. पण एकाने वाट दाखवली की मागच्यांची भीती मोडते. मिहीरनंतर साधारण वर्षभराने, २९ सप्टेंबर १९५९ रोजी, आरती साहा इंग्लिश खाडी पार करणारी पहिली आशियाई महिला ठरली. तीसुद्धा आदल्या महिन्यात एकदा हरली होती बरं का! आपल्या मुंबईची मुलं धरमतर ते गेटवे हे अंतर पोहतात. आणि पुण्याच्या रोहन मोरेने २०१८ साली न्यूझीलंडची कुक सामुद्रधुनी पार करून जगातल्या सात अवघड सामुद्रधुन्यांचं आव्हान पुरं केलं. असं करणारा तो पहिला आशियाई!

आता एक दुःखाची गोष्ट सांगतो, कारण ती लपवणं बरं नाही. पद्मश्री आणि पद्मभूषण मिळवणाऱ्या मिहीर सेन यांना उतारवयात स्मृती नाहीशी करणारा आजार जडला. ११ जून १९९७ रोजी ते वारले. ज्या लाटा त्यांनी जिंकल्या, त्यांची आठवणही शेवटी त्यांच्यापाशी उरली नाही. म्हणून ती आपण ठेवायची.

तेव्हा आज एक काम करा. वहीच्या शेवटच्या पानावर तुमचं एक ध्येय लिहा. सायकलने कोकण गाठायचं असेल, नाहीतर सह्याद्रीतले किल्ले पायी पालथे घालायचे असतील. आज ते जमत नसलं तरी लिहा! मात्र त्याच्याखाली दुसरी ओळ लिहायला विसरू नका. त्यासाठी उद्या सकाळी काय शिकायचं, ते त्या ओळीत लिहा. पहिली ओळ सगळेच लिहितात. मिहीरने दुसरीही लिहिली, म्हणून तो तलावावर गेला.

आणि हो! पोहायला जाल ते शिकवणाऱ्यांच्या देखरेखीखालीच. नदीत, समुद्रात एकट्याने उडी मारायची नाही. मिहीरच्या सोबतीलासुद्धा नौदल होतं, हे लक्षात आहे ना?

मग काय, लिहिली का दुसरी ओळ?