कळांची वाट पाहताना

प्रोस्टाग्लँडिनमुळे गर्भाशयाचे मुख मऊ होते आणि ऑक्सिटोसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावून कळा येतात. घरगुती उपायांची पारख याच दोन कसोट्यांवर होते.

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये दिवस भरत आलेल्या बाईला आगरा तळ्याकाठी सकाळची फेरी सहज जमते. चालण्याने कळा हमखास सुरू होतात असे नाही. पण अंग मोकळे राहते. बाळंतपण करायला आलेली तिची आई मात्र दुधात तूप घालून देते, बाळ लवकर सरकावे म्हणून. तूप पोटात पचते, गर्भाशयापर्यंत पोचत नाही. एवढ्याशा तुपाने बिघडतही नाही म्हणा!

खजुराची गोष्ट वेगळी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या जॉर्डनमधील अभ्यासात शेवटचे चार आठवडे रोज सहा खजूर खाणाऱ्या स्त्रियांचे गर्भाशयमुख रुग्णालयात येताना अधिक उघडलेले आढळले. अभ्यास लहान होता. मधुमेह असल्यास खजूर डॉक्टरांना विचारूनच खावेत.

स्तनाग्रे चोळल्याने ऑक्सिटोसिन स्रवते. परंतु कळा अतितीव्र होऊ शकतात, म्हणून हे सल्ल्याशिवाय करू नये. एरंडेलाने जुलाब, उलट्या आणि शरीरातले पाणी कमी होण्याचा त्रास होतो. ते टाळावेच.

39 आठवडे भरण्यापूर्वी घाई नको. आधीचे सिझेरियन किंवा वार खाली असल्यास घरगुती प्रयोग नकोत. 41 आठवडे पूर्ण झाल्यावर जागतिक आरोग्य संघटना औषधाने कळा आणण्याची शिफारस करते. पाणी गेले, रक्तस्राव झाला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर लगेच रुग्णालय गाठावे.