मँगनीजची धूळ आणि माणसाचे आरोग्य



बालाघाट जिल्ह्याची ओळख दोन गोष्टींनी पटते. एक वैनगंगेचे पाणी आणि दुसरे भरवेलीचे मँगनीज. नागपूर, भंडारा व बालाघाट या तीन जिल्ह्यांच्या पोटातून मँगनीजचा एकच पट्टा गेलेला आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. परंतु जमिनीखालच्या खडकाला ही सीमा ठाऊक नाही आणि त्यापासून उठणाऱ्या धुळीलाही नाही. त्या धुळीविषयी, आणि तिच्या बंदोबस्तासाठी कायद्याने काय केले व काय करावयाचे राहिले याविषयी, आज थोडे सांगावयाचे आहे.

मँगनीजवाचून पोलाद होत नाही. आपल्या शरीरालाही ते अत्यल्प प्रमाणात लागते, आणि धान्य, डाळी, चहा यांतून ते मिळते. अन्नावाटे जास्त आले तर यकृत ते पित्तातून बाहेर टाकते. श्वासावाटे गेलेल्या बारीक धुळीची गोष्ट निराळी आहे. फुप्फुसातून ती थेट रक्तात मिसळते, यकृताचा पहारा चुकविते आणि मेंदूपर्यंत पोहोचते. १८३७ साली जॉन कूपर या वैद्याने स्कॉटलंडमध्ये मँगनीज दळणाऱ्या मजुरांत हा विकार प्रथम वर्णिला.

आरंभी माणूस चिडचिडा होतो, झोप उडते, कारणावाचून हसू वा रडू येते. पुढे चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार होतो, आवाज बसतो, अक्षर बारीक होत जाते, चवड्यांवर चालण्याची विचित्र लकब जडते. कंपवाताशी याचे साम्य आहे. तथापि कंपवातावरील नेहमीच्या औषधाने येथे बहुधा टिकाऊ गुण येत नाही. मेंदूची एकदा झालेली हानी सहसा भरून निघत नाही. म्हणून या रोगावरचा खरा उपाय प्रतिबंध हाच होय, आणि प्रतिबंध हे एकट्या वैद्याचे काम नव्हे, तर शासनाचे धोरण आहे.

खाणीच्या आत हे धोरण फार पूर्वी पोहोचले. १९५२ च्या खाण अधिनियमान्वये मँगनीजबाधा हा सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांत गणला गेला. १९६१ च्या विनियमांनी धूळ दाबण्याचे उपाय सक्तीचे केले. छिद्र पाडताना पाणी सोडले की धूळ जागीच बसते, इतकी ही साधी गोष्ट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी व्यवसाय-सुरक्षा संहिता आली, आणि तिच्या रोगांच्या यादीतही मँगनीज आहे. अडचण एवढीच, की विकार कित्येकदा वर्षांनी डोके वर काढतो. तोवर कामगार निवृत्त झालेला असतो, कंत्राटी मजूर दुसऱ्या गावी गेलेला असतो, आणि हाताचा कंप म्हातारपणाच्या खात्यावर मांडला जातो.

खाणीबाहेरच्या माणसाचे काय? १९७४ साली जलप्रदूषणाचा, १९८१ साली वायुप्रदूषणाचा आणि भोपाळच्या १९८४ च्या भीषण वायुकांडानंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षणाचा कायदा झाला. २००९ साली देशाने हवेच्या शुद्धतेची राष्ट्रीय मानके ठरविली. त्यांत बारा प्रदूषके आहेत. शिसे आहे, आर्सेनिक आहे, निकेल आहे. मँगनीज मात्र नाही! हवेत धूळ किती आहे हे यंत्र सांगते, त्या धुळीत मँगनीज किती हे विचारण्याची सक्ती त्या मानकांत कोणावरही नाही. दिल्लीला कदाचित त्याची गरज नसेल, भरवेलीला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यूरोप विभागाने २००० साली वार्षिक सरासरीसाठी घनमीटरमागे ०.१५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली होती. खाणपट्ट्यासाठी तरी असे एक माप आपण ठरवावयास हवे.

पाण्याच्या बाबतीत माप आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मँगनीज चालते, आणि दुसरी सोय नसेल तर ०.३ पर्यंत. विहिरीतून काढताना स्वच्छ दिसणारे पाणी ठेवल्यावर तपकिरी-काळसर होऊ लागले, भांड्यांना व कपड्यांना काळे डाग पडू लागले, की ते तपासून घ्यावे. उकळल्याने मँगनीज जात नाही. पाण्यात हवा खेळवून ते योग्य गाळणीतून काढावे लागते.

आणखी एक गोष्ट आम्हा शिक्षकांच्या विशेष लक्षात राहावी. आतड्यातून लोह आणि मँगनीज बहुतांशी एकाच वाटेने शरीरात शिरतात. लोह कमी असेल तर ती वाट मँगनीजला मोकळी सापडते. म्हणजे रक्तक्षय झालेले मूल या धातूला अधिक सहज बळी पडते. शाळेत वाटली जाणारी लोहाची गोळी खाणपट्ट्यात दुहेरी कामाची आहे. ती मुलाच्या हातात पडून भागत नाही, पोटात गेली पाहिजे.

यासाठी पैसा नाही, असे म्हणता येणार नाही. २०१५ च्या कायद्याने प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. जुन्या पट्टेदारांनी स्वामित्वधनाच्या तीस टक्के, तर लिलावाने पट्टा घेणाऱ्यांनी दहा टक्के रक्कम त्यात भरावयाची असते. पिण्याचे पाणी, आरोग्य आणि प्रदूषण-नियंत्रण यांना या निधीच्या खर्चात अग्रक्रम आहे. खाणीलगतच्या विहिरींची नियमित तपासणी, धुळीतील मँगनीजचे मोजमाप, वाहतुकीच्या रस्त्यांवर पाण्याचा शिडकावा, झाकलेले ट्रक, आणि निवृत्त व कंत्राटी मजुरांची कायम नोंदवही: ही पाच कामे त्यातून होण्याजोगी आहेत. ग्रामसभेत बसणाऱ्या प्रत्येकाने ती नावानिशी मागावीत, आणि पुढच्या सभेत त्यांचा हिशेबही विचारावा. भूमीने दिलेले धन देशाच्या पोलादात गेले, ते योग्यच झाले. ते खोदणाऱ्याच्या मेंदूत जाऊ नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.