व्हायझर घरी टिंट करताय? आधी हे वाचा

एप्रिलच्या उन्हात हायवेवर डोळे दिपतात, म्हणून बरेच रायडर व्हायझरवर काळा स्प्रे मारतात. तो नकोच! व्हायझर पॉलिकार्बोनेटचा असतो. रंगातलं थिनर, पेट्रोल किंवा अ‍ॅसिटोन लागलं की त्यात बारीक तडे जातात आणि ऐन अपघातात तो फुटू शकतो.

त्यापेक्षा फिल्म बरी. व्हायझर हेल्मेटवरून काढा, साबणाच्या पाण्याने धुवा, ओला असतानाच बाहेरून फिल्म पसरवा आणि रबरी पट्टीने मधून कडेकडे पाणी काढा. व्हायझरला बाक असतो, त्यामुळे मोठी फिल्म लावली की कोपऱ्यांत सुरकुत्या पडतातच. माझ्या मते वरच्या कडेला तीन-चार सेंटिमीटरची पट्टी पुरे. सूर्य समोर आला की मान किंचित खाली करायची, रस्ता स्वच्छ दिसत राहतो.

युरोपच्या आधीच्या ईसीई 22.05 मानकात साध्या व्हायझरमधून किमान 80 टक्के प्रकाश पार जावा लागायचा. त्याहून गडद, म्हणजे 50 टक्क्यांपर्यंतचा व्हायझर फक्त दिवसा वापरता यायचा. घरच्या फिल्मचं असं मोजमाप होत नाही. त्यामुळे पूर्ण टिंट केलाच असेल, तर संध्याकाळसाठी साधा व्हायझर सॅकमध्ये ठेवाच आणि अंधार पडण्याआधी बदला.