स्पॅनिश भाषा आपल्याला का यावी?



जगात हजारो भाषा आहेत. आपली मराठी त्यांतली एक. २०११ च्या जनगणनेत सुमारे ८ कोटी ३० लाख लोकांनी आपली मातृभाषा मराठी सांगितली. स्पॅनिश मातृभाषा असणारे लोक जवळजवळ ५० कोटी आहेत. ही भाषा मूळची स्पेन देशाची. पण आज ती मेक्सिको, पेरू, चिली, अर्जेंटिना, क्युबा अशा सुमारे २० देशांत चालते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या ६ अधिकृत भाषांतही ती आहे.

आता तुम्ही म्हणाल, दिंडोरी तालुक्यातल्या पोरांना स्पेनशी काय करायचंय? म्हणून मी एकेक मुद्दा लिहिते. नीट वाचा.

१) ही भाषा आपल्या शेतात आधीच आली आहे.

टमाटे, मका, मिरची, बटाटा आणि भुईमूग ही पिके मूळची आपली नाहीत. ती अमेरिका खंडातली आहेत. मेक्सिकोतले जुने लोक टमाट्याला 'तोमात्ल' म्हणत. स्पेनचे लोक तिथे गेले आणि 'तोमाते' म्हणू लागले. त्यावरून इंग्रजीत 'टोमॅटो' झाले. आजी 'टमाटे' म्हणाली की काही मुले हसतात. पण बघा, आजीचा शब्द स्पॅनिशच्या जास्त जवळ आहे!

आपल्याकडे समुद्रातून पोर्तुगीज लोक आले. त्यांची भाषा म्हणजे स्पॅनिशची सख्खी बहीण. बटाटा, पाव, चावी, घमेले, पगार हे शब्द त्यांच्याकडूनच मराठीत आले. स्पॅनिशमध्येसुद्धा 'पागार' म्हणजे पैसे देणे. म्हणजे पगाराच्या दिवशी आपण अर्धे स्पॅनिशच बोलतो.

२) ती आपल्या तोंडाला सोपी आहे.

इंग्रजीत लिहायचे एक आणि वाचायचे दुसरेच. त्यामुळे आपण फार गोंधळतो. स्पॅनिशमध्ये बहुतेक शब्द जसे लिहिले तसेच वाचतात. स्वर पाचच: आ, ए, इ, ओ, उ. 'ह' चे अक्षर लिहितात पण बोलत नाहीत. इंग्रजीत 'ट' आणि 'ड' येतो तिथे त्यांचा 'त' आणि 'द' येतो. तो तर आपल्याला पहिलीपासून येतो.

आकडे पण पाहा. दोन म्हणजे दोस, तीन म्हणजे त्रेस, सात म्हणजे सिएते, नऊ म्हणजे नुएवे. नवा म्हणजे नुएवो. हे सारखे कसे? तर फार फार पूर्वी मराठीचे आणि स्पॅनिशचे मूळ घराणे एकच होते. एका भावाची लेकरे लांब गेली तरी नाकडोळे सारखे राहतात, तसेच हे.

काही शब्द मात्र फसवे आहेत. 'ओला' म्हणजे नमस्कार. 'सोपा' म्हणजे सूप. 'पान' म्हणजे पाव. आणि 'मामा' म्हणजे चक्क आई! म्हणून नुसता अंदाज करून चालत नाही, शिकावेच लागते.

३) आपलीच भाषा जास्त कळते.

हे मला सगळ्यात आवडले. इंग्रजीत म्हणतात 'आय लाइक', म्हणजे 'मी'. मराठीत आपण 'मी आवडतो' म्हणत नाही, 'मला आवडते' म्हणतो. स्पॅनिशमध्ये पण तसेच आहे! 'मे गुस्ता ला उवा' म्हणजे मला द्राक्ष आवडते. आणि 'मे गुस्तान लास उवास' म्हणजे मला द्राक्षे आवडतात. एक द्राक्ष असेल तर 'आवडते', पुष्कळ असतील तर 'आवडतात'. हे आपण रोज बोलतो पण आपल्या ध्यानात येत नाही. दुसऱ्याचे घर पाहिले की आपल्या घरात काय आहे ते समजते.

४) कामधंद्याला उपयोग होतो.

आपल्या नाशिक जिल्ह्यातली द्राक्षे युरोपात जातात. त्याच बाजारात पेरू आणि चिली देशांची द्राक्षे पण येतात. त्या देशांतले शेतकरी स्पॅनिश बोलतात. ते छाटणी कशी करतात, पाणी किती देतात, पेटी कशी भरतात, हे त्यांच्या भाषेत वाचता आले तर आपल्या बागेला फायदा होईल. शिवाय भाषांतर करणारे, पर्यटकांना गावे दाखवणारे, परदेशी कंपनीत पत्रव्यवहार करणारे यांनाही काम मिळते. मोठेपणी शिकायचे तर पुण्याला विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषा शिकवतात.

५) पण आपल्याला जमेल का?

अण्णा म्हणतात, आधी मराठी शुद्ध लिहा, मग परक्याची भाषा. त्यांचे बरोबर आहे. पाया मराठीचाच पाहिजे. पण एक भाषा आली म्हणजे दुसरी मावत नाही असे काही नसते. डोके म्हणजे कणगी नाही, भरली की संपली.

आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी कोकणा समाजाची बोली बोलतात. ती मुले पहिलीत आली तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना नवीनच होती. आज ती धडाधडा धडे वाचतात आणि घरी आजीशी बोलीतच बोलतात. म्हणजे दुसरी भाषा कशी शिकायची हे त्यांना आमच्यापेक्षा आधीच माहीत आहे. त्यांच्या बोलीला कुणी हसू नये. उलट आपणच चार शब्द शिकावेत.

औरंगाबाद जिल्ह्यात (आता छत्रपती संभाजीनगर) गाडीवाट नावाचे गाव आहे. तिथेही आपल्यासारखीच जिल्हा परिषदेची शाळा आहे. २०१९ साली तिथल्या मुलांना विचारले, कोणती परदेशी भाषा शिकाल? मुलांना यंत्रमानवाची आवड होती, म्हणून त्यांनी जपानी निवडली आणि शिकायला लागली सुद्धा! त्यांना जपानी जमते, तर आपल्याला स्पॅनिश का नाही?

पालकांनो, गावातली बरीच लहान मुले सकाळी पिवळ्या गाडीत बसून लांबच्या शाळेत जातात. इथे भाषा येणार नाही असे मोठ्यांना वाटते. पण गाडीवाटची मुले आपल्या गावातच शिकली. भाषा बसच्या तिकिटाने येत नाही. ती ऐकून, बोलून आणि रोज थोडे थोडे लिहून येते.

मी हिशोब केला आहे. रोज २ शब्द पाठ केले तर वर्षाला ७३० शब्द होतात. आजचे २ शब्द मी देते: 'एस्कुएला' म्हणजे शाळा आणि 'ग्रासियास' म्हणजे आभारी आहे. उद्याचे २ शब्द फळ्याच्या कोपऱ्यात कोण लिहिणार? हात वर करा!



— इयत्ता ४ थी