ब्रेक दाबला की पाय का थरथरतो?

मोटार वेगात असताना चालकाने ब्रेक दाबला आणि पायाखालची पट्टी धडधडू लागली, असे तुमच्या घरी कोणी कधी म्हणाले आहे काय? नवी मुंबईत करावे गावाजवळून जाणाऱ्या पाम बीच मार्गासारख्या सरळ, रुंद रस्त्यावर ही तक्रार चटकन लक्षात येते. कारण तेथे वेग अधिक असतो आणि सिग्नलपाशी तो एकदम कमी करावा लागतो. गॅरेजमध्ये ‘डिस्क वाकडी झाली’ असे निदान ठरलेले असते. पण तबकडी खरोखरच वाकते का? भौतिकशास्त्राच्या साह्याने या प्रश्नाचा छडा लावू या.

धक्के मोजा

मोटारीच्या पुढच्या चाकाबरोबर बिडाची एक तबकडी फिरते. ब्रेक दाबला की दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे पकडतात. तबकडीत कोठे दोष असेल, तर तो चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा पॅडखाली येणार.

चाकाची त्रिज्या ०.३ मीटर धरली, तर परीघ सुमारे १.९ मीटर होतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. भागाकार करा: सेकंदाला सुमारे ९ फेरे, म्हणून ९ धक्के! वेग निम्मा झाला की धक्केही निम्मे. ब्रेक दाबल्यावरच धक्के जाणवत असतील आणि वेगाबरोबर ते मंदावत असतील, तर दोष चाकासोबत फिरणाऱ्या भागात आहे, हे बॉनेट न उघडताही कळते.

ब्रेक न दाबताही थरथर होत असेल, तर चाकांचे संतुलन किंवा टायर तपासावा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पट्टी खडखडत असेल, तर ते एबीएस या यंत्रणेचे काम असते. चाक घसरू नये म्हणून ती दाब झटपट कमी-जास्त करते. तो दोष नव्हे. अशा वेळी पाय उचलू नये.

ब्रेक दाबताच स्टिअरिंगही हलत असेल, तर संशय पुढच्या तबकड्यांवर. फक्त पट्टी आणि आसन थरथरत असेल, तर मागचे ड्रम अथवा तबकड्या पाहाव्यात.

केसाच्या चौथाईचा प्रताप

माणसाचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो. तबकडीची जाडी एका जागी ०.०२ मिलिमीटरने अधिक असली, तरी पायाला ते कळू शकते. एवढासा फरक मोठा कसा होतो?

येथे पास्कलचा नियम कामाला येतो. जाड भाग पॅडला आणि त्यामागच्या दट्ट्याला मागे ढकलतो. तेल दाबले जात नाही, म्हणून ते उलट मास्टर सिलिंडरकडे सरकते. चाकाजवळच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याच्या ६ पट आणि ब्रेकच्या पट्टीची तरफ ४ पट धरली, तर ०.०२ × ६ × ४ = ०.४८ मिलिमीटर! तेलाच्या नळ्या थोड्या ताणल्या जातात, म्हणून प्रत्यक्षात हालचाल याहून कमी होते. पण सेकंदाला नऊ वेळा होणारी ती हालचाल तळपायाला पुरेशी आहे.

जाडी बदलते कशी?

तबकडी हबवर बसवताना मध्ये गंजाचा पापुद्रा राहिला किंवा चाकाचे नट कमी-अधिक आवळले गेले, तर ती किंचित तिरपी बसते. मग ब्रेक न दाबताही तिची एकच जागा प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासते. हजारो किलोमीटरनंतर ती जागा झिजून पातळ होते. म्हणजे दोष आधी बसवण्यात असतो. जाडीतला फरक मागाहून येतो.

दुसरे कारण उष्णता. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ६० किलोमीटरवरून थांबते तेव्हा सुमारे १.४ लाख ज्यूल गतिज ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्यात अर्धा लिटर पाणी जवळजवळ उकळेल. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंतची उतरण सुमारे ५०० मीटरची. तेथे हिशेब ४९ लाख ज्यूलवर जातो, म्हणजे अशा ३५ थांबण्यांइतका! म्हणून घाट खालच्या गिअरमध्ये उतरावा. बराचसा भार इंजिन पेलते. तापलेल्या तबकडीवर ब्रेक दाबून मोटार उभी ठेवली, तर पॅडचे द्रव्य एकाच जागी चिकटून राहू शकते. पुष्कळदा ‘वाकडी’ म्हटली जाणारी तबकडी अशी डागाळलेली असते.

तिसरे कारण गंज. करावे खाडीकाठचे गाव. खारट, दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, मोटार आठवडेच्या आठवडे उभी राहिली, तर पॅडखालची जागा आणि उघडा भाग वेगवेगळे गंजतात. वरवरचा गंज चार-दोन ब्रेकांत निघून जातो. खोल गेलेला ठसा राहतो.

उपाय कोणता?

नवी तबकडी घेण्याआधी मेकॅनिककडून डायल गेजने तिची डुग आणि मायक्रोमीटरने अनेक जागी जाडी मोजून घ्यावी. हबचा गंज साफ करावा. नट समोरासमोरचे, क्रमाक्रमाने, टॉर्क पान्याने सारखे आवळावेत. जाडी पुरेशी असेल, तर तबकडी लेथवर समतल करता येते. किमान जाडी बहुधा तबकडीवरच कोरलेली असते. त्याहून पातळ झाली, तर ती बदलावीच, आणि एका आसाच्या दोन्ही बाजूंच्या तबकड्या एकदम बदलाव्यात. हबचा दोष तसाच ठेवून नवी तबकडी बसवली, तर काही महिन्यांनी धडधड पुन्हा सुरू होते आणि पैसे वाया जातात. दुर्लक्ष केले, तर ब्रेकवरचा विश्वासच उडतो, आणि तो ऐन वेळी उडणे धोक्याचे.

करून पाहा

सायकल उलटी उभी करा. पेन्सिल चौकटीला टेकवून तिचे टोक रिंगेच्या अगदी जवळ धरा आणि चाक हळू फिरवा. टोक आणि रिंग यांच्यातले अंतर कोठे कमी, कोठे जास्त होते? हीच डुग. आता हिशेब करा: वर सांगितलेल्या मोटारीची तबकडी समोरासमोर दोन जागी जाड आहे आणि वेग ताशी ४० किलोमीटर आहे. सेकंदाला किती धक्के बसतील?