चिऱ्यांवर उभी केलेली गाडी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागोठण्यापासून इकडे पेणपर्यंत आणि तिकडे रोह्यापर्यंत जुन्या मोटारींची हौस बाळगणाऱ्या माणसांशी बोलताना एक वाक्य इतक्या वेळा आणि इतक्या निःशंकपणे कानांवर येते की, त्याचा प्रतिवाद लेखी स्वरूपात केल्यावाचून आता गत्यंतर नाही, असे मला वाटू लागले आहे. ते वाक्य असे : "अहो काका, जांभ्याच्या चिऱ्यावर अख्खे घर उभे राहते, मग गाडी राहणार नाही होय?" या एका वाक्याच्या भरवशावर गाडी जॅकने उचलली जाते, काढलेल्या चाकांच्या जागी दोन-दोन, तीन-तीन चिरे एकावर एक रचले जातात, आणि गिअरबॉक्स उतरवण्यासाठी घरातला कर्ता पुरुष पाठीखाली गोणपाट घालून त्या गाडीखाली सरकतो.

ज्या गाड्यांच्या बाबतीत हे घडते त्या बहुतांशी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या, म्हणजे १९६४ सालापासून निघालेली फियाट ११०० डिलाइट आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ओळखली गेलेली तिची उत्तराधिकारिणी. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या सेवेतून निवृत्त झाली. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र अद्याप पडवीत, गोठ्याशेजारी, ताडपत्रीखाली जपून ठेवलेल्या आढळतात. त्यांच्या जोडीला महिंद्राच्या जुन्या जीप आणि क्वचित एखादी अॅम्बॅसडर. या साऱ्यांची रचना सरळ आहे : पुढे इंजिन, त्याच्या पाठीला गिअरबॉक्स, तेथून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आणि शेवटी मागच्या आसात बसवलेला डिफरन्शियल. या सरळपणामुळेच हे काम घरच्या घरी करण्याची उमेद माणसाला वाटते, आणि ती उमेद मला मनापासून प्रशंसनीय वाटते. माझी तक्रार चिऱ्यांविषयी आहे.

चिऱ्याच्या कैवाऱ्यांची बाजू प्रथम प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती वरवर पाहता बळकट आहे. भारतीय मानक ब्युरोच्या जांभ्याच्या चिऱ्यांविषयीच्या मानकात, म्हणजे आयएस ३६२० मध्ये, चिऱ्याचे दाबसामर्थ्य किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असावे असे म्हटले आहे. ३९ सेंटिमीटर लांब आणि १९ सेंटिमीटर रुंद चिऱ्याच्या संपूर्ण पृष्ठभागाला हा आकडा लावला तर तो चिरा सुमारे २६ टन भार पेलेल असे उत्तर येते. पद्मिनीचे एकंदर वजन ९०० किलोच्या आसपास. मग हरकत कोठे आहे?

हरकत "संपूर्ण पृष्ठभाग" या दोन शब्दांत आहे. भिंतीतल्या चिऱ्यावरचा भार चुन्याच्या किंवा सिमेंटच्या थरातून, त्याच्या अंगभर समप्रमाणात पसरून येतो, आणि दोन्ही बाजूंचे शेजारी चिरे त्याला हलू देत नाहीत. गाडीच्या बुडाचा स्पर्श असा होत नाही. तेथे पत्र्याच्या दोन थरांच्या जोडाची एक कड असते, समजा ५ मिलिमीटर रुंद, आणि ती चिऱ्याला समजा १०० मिलिमीटर लांबीवर टेकते. म्हणजे भार पेलणारे क्षेत्र अवघे ५०० चौरस मिलिमीटर. गाडीच्या वजनाचा चतुर्थांश, सुमारे २२५ किलो, त्या कडेवर आला की दाब ४.४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपर्यंत चढतो, आणि मानकाने मागितलेले किमान सामर्थ्य तेथेच मागे पडते. शिवाय खाणीतून आलेला प्रत्येक चिरा मानकाच्या कसोटीला उतरलेला असतो असे मानण्यास आधार नाही. जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो, आणि पावसाळ्यात अंगणात पडून राहिलेल्या चिऱ्याची आतली अवस्था बाहेरून कळत नाही. लोखंड तुटण्यापूर्वी काही सूचना देते. चिरा देत नाही. त्याची कपची निखळते आणि त्याच क्षणी गाडी खाली येते. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकांची तऱ्हा याहून वाईट आहे, कारण त्यांच्या भिंती बारीक असतात आणि ब्लॉक आडवा ठेवला गेला तर त्या भिंतींना भार पेलण्याची दिशाच राहत नाही.

येथे एक चतुर उत्तर हमखास मिळते : "मध्ये फळी घालतो ना!" फळीने कडेचा दाब पसरतो, हे कबूल. परंतु आडव्या धक्क्याचे काय? गिअरबॉक्सचे बोल्ट वर्षानुवर्षांच्या गंजाने जखडलेले असतात. पान्याला हातभर लांबीचा पाइप लावून, पाय कोठेतरी टेकवून, सर्व शक्तीनिशी हिसका दिल्याखेरीज ते सुटत नाहीत, आणि तो हिसका जितका बोल्टाला लागतो तितकाच गाडीलाही लागतो. चुन्यावाचून एकावर एक ठेवलेल्या तीन चिऱ्यांच्या उतरंडीला हा आडवा हिसका सहन करण्याचे कोणतेही साधन नाही. बोल्ट सुटण्याचा क्षण हाच उतरंड कलण्याचा क्षण ठरू शकतो, आणि त्या वेळी माणूस नेमका खाली असतो.

दुसरा बचाव जॅकचा. "चिरे नुसते आधाराला, जॅक तर खाली आहेच." हायड्रॉलिक जॅक हे भार उचलण्याचे यंत्र आहे, भार तोलून धरण्याचे नव्हे, आणि बहुतेक उत्पादक स्वतःच ही सूचना जॅकवर किंवा त्याच्या पुस्तिकेत छापतात; ती वाचण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही. आतल्या तेलाचा दाब रबराच्या एका वॉशरने अडवलेला असतो. रायगडच्या या पट्ट्यात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या दमट हवेत दांड्याच्या चकाकीवर गंजाचे बारीक खड्डे पडतात, आणि प्रत्येक वेळी दांडा वर-खाली होताना ते खड्डे वॉशर ओरबाडतात. मग एके दिवशी जॅक हळूहळू बसतो, किंवा एकदम बसतो. चाकांच्या ट्रॉली जॅकचा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवावा : त्याची वाटी सरळ रेषेत वर न चढता कमानीसारखी वळत चढते, म्हणून उचलताना एकतर जॅक पुढे सरकला पाहिजे किंवा गाडी मागे. मातीच्या अंगणात जॅकची लहान चाके रुततात, गाडीच्या चाकांना गुटके लावलेले असतात, आणि दोन्ही अडल्यामुळे शेवटी वाटीच गाडीखालून निसटते.

"पद्मिनी हलकी गाडी, काय होणार?" असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, यात मृत्यू हाड मोडूनच येतो असे नाही. छातीवर दोनशे किलो भार स्थिरावला की बरगड्या फुगू शकत नाहीत, श्वास आत घेता येत नाही, आणि म्हणून हाकही मारता येत नाही. शेजारच्या ओटीवर बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने रस्त्यावरील अपघातांखेरीज वाहनांमुळे होणाऱ्या मृत्यूंची गणना केली, तेव्हा केवळ गाडी अंगावर कोसळून दगावणाऱ्यांची संख्या वर्षाला दीडशेहून अधिक भरली. ज्या देशात घरोघरी पक्की गॅरेजे आणि चांगली हत्यारे आहेत, तेथील ही गणना आहे.

मग करावे काय? गाडी कोब्यावर घ्यावी. कोबा नसेल तर स्टँडच्या प्रत्येक पायाखाली जाड प्लायवुडचा रुंद तुकडा घालावा, कारण ओल्या मातीत लोखंडी पाय सुरीसारखा शिरतो. वजनक्षमता ठळक लिहिलेले जॅक-स्टँड जोडीने घ्यावेत आणि ते पत्र्याखाली न लावता आसाखाली किंवा बुडातील मजबूत पट्टीखाली लावावेत. गाडी त्यांच्यावर पूर्णपणे उतरवून, खाली जाण्यापूर्वी, दोन्ही हातांनी तिला चारी बाजूंनी जोराने ढकलून पाहावे. जी पडायची असेल ती माणूस बाहेर असताना पडू द्यावी. काढलेली चाके गाडीच्या उंबऱ्यालगत बुडाखाली आडवी सरकवून ठेवावीत, म्हणजे सारे फसले तरी वीतभर पोकळी उरते. घरात दुसरे माणूस जागे आणि जवळपास असावे, आणि १०८ क्रमांक लावता येईल असा फोन त्याच्या हाताशी असावा. मोठा इलाज करायचा तर अलिबागचे जिल्हा रुग्णालय गाठावे लागते, आणि पावसाळ्यात अंबा नदीचे पाणी नागोठण्याच्या बाजारपेठेत चढले असेल तर तो रस्ता किती वेळात उरकेल याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही.

चिऱ्याच्या खालोखाल घातक असा जो गैरसमज आहे त्याचे मूळ अर्धवट यंत्रज्ञानात आहे : गाडी गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक ओढला म्हणजे ती जागची हलणार नाही. गिअरची पकड इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत प्रोपेलर शाफ्टमधून पोहोचते. तो शाफ्ट सोडवला की गिअर कोणताही असो, चाके मोकळी होतात, आणि शाफ्ट सोडवणे हे तर या कामातल्या पहिल्या पायऱ्यांपैकी एक. हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल आणि मागची बाजूच उचललेली असेल, तर जमिनीला टेकलेल्या पुढच्या चाकांना अडवणारे काहीही उरत नाही. जुन्या विलीज घाटाच्या जीपमध्ये तर हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागच्या तोंडावर बसवलेला असतो. म्हणजे तेथे शाफ्टबरोबर हँडब्रेकचाही अंमल संपतो. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून, दोन्हीकडून, लाकडी गुटके ठोकावेत. याला पर्याय नाही.

इंजिन वरून उचलण्यासाठी कौलारू घराच्या आढ्याला चेन ब्लॉक बांधण्याची प्रथाही अशीच. "आढे एवढ्या कौलांचा भार पेलते" हे खरे. पण कौलांचा भार लांबीभर पसरलेला असतो. तेवढेच वजन एका जागी, मधोमध टांगले की तुळईतला वाकवणारा जोर दुप्पट होतो, हे स्थापत्यशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात आहे. त्यात साखळी अडकून बसणारे धक्के मिळवा आणि वाळवीने आतून पोखरलेले लाकूड मिळवा. आंब्याच्या फांदीला हेच लागू. भाड्याने मिळणारी इंजिन-क्रेन किंवा लोखंडी तिकाटणे, हीच योग्य तजवीज. साखळीचे दोन पाय इंजिनाला बांधताना ते उभट राहतील असे पाहावे. ते आडवे पसरून जमिनीशी ३० अंशांचा कोन करू लागले की प्रत्येक पायावर निम्मे नव्हे, इंजिनाचे संपूर्ण वजन येते. नायलॉनची दोरी तर वापरूच नये : गाठीपाशी तिचे बळ निम्म्यापर्यंत घटते आणि ओतीव लोखंडाच्या धारेवर ती कापली जाते.

उरलेले गैरसमज थोडक्यात. क्लच बदलण्यासाठी इंजिन उतरवावेच लागते, हे खरे नव्हे. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरवणे पुरते, मात्र तो सुटताना त्याचा भार एक क्षणही पुढच्या शाफ्टवर लोंबू देऊ नये, नाहीतर क्लच प्लेट वाकते. बॅटरीची कोणतीही तार आधी काढली तरी चालते, हेही चूक. बॉडीला जोडलेली अर्थची तार प्रथम काढावी, मग ती ऋण टोकाची असो वा काही जुन्या गाड्यांत असते तशी धन टोकाची. पेट्रोल "उडून जाते" म्हणून निर्धास्त राहणारे विसरतात की त्याची वाफ हवेहून जड असते, खड्ड्यात आणि फरशीलगत साचते, आणि उणे ४० अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटण्याइतकी निर्माण होते. टाकी व नळी आधी रिकामी करून दूर ठेवावी, आणि गॅसची शेगडी पलीकडच्या भिंतीला असेल तर ती बंद असल्याची खातरजमा करावी. जुन्या क्लच प्लेटवरची काळी धूळ फुंकर मारून उडवू नये. त्या काळच्या लायनिंगांत ॲस्बेस्टॉस असे, आणि त्यामुळे कर्करोग होतो हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

राहता राहिला आरटीओचा प्रश्न. इंजिन उतरवून, दुरुस्त करून, तेच परत बसवण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. दुसरे इंजिन बसवायचे असेल तर मात्र मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ लागू होते आणि नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी घेऊन नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घ्यावी लागते. ज्यांची गाडी पन्नास वर्षांची झाली आहे आणि जिला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवण्याचा मानस आहे, त्यांनी तर अधिकच जपावे, कारण त्या नियमांत गाडी मूळ स्वरूपात, इंजिनात किंवा सांगाड्यात भरीव फेरबदल न करता राखलेली असणे ही अट आहे. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून तिची मुदत दहा वर्षांची असते.